लकव्याच्या हातावर ट्रायल करायची आहे? सिनॉप्सिसपासून शेवटच्या फॉलो-अपपर्यंत

पीएमआरच्या (पुनर्वसन वैद्यकाच्या) एमडीला किंवा फिजिओथेरपीच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला की थोड्याच दिवसांत सिनॉप्सिसची, म्हणजे थीसिसच्या आराखड्याची, घाई सुरू होते. त्या घाईत ठरणारा विषय बहुतेक वेळा एकाच साच्याचा असतो: ‘अमुक थेरपीची परिणामकारकता’. तीस पेशंट घ्यायचे, महिनाभर थेरपी द्यायची, आधी मोजायचं, नंतर मोजायचं, आकडा वाढला की निष्कर्ष तयार. गोम अशी आहे की लकव्याचा पेशंट पहिल्या तीन महिन्यांत थोडाफार आपसूकच सुधारतो. तुम्ही आरसा दाखवा, विजेचे शेक द्या किंवा नुसत्या गप्पा मारा, आकडा वाढणारच.

शिवाय आपल्याला जे उघडच बरोबर वाटतं ते मोजल्यावर तसं निघेलच असं नाही. लकवा झाल्यावर पेशंटला लवकरात लवकर उठवावं, हे कोणाला पटणार नाही? पाच देशांतल्या ५६ केंद्रांवर २,१०४ पेशंट घेऊन ‘अ‍ॅव्हर्ट’ ट्रायलने हेच तपासलं. पहिल्या २४ तासांत उठवायला सुरुवात केलेल्या आणि जास्त वेळा उठवलेल्या गटात तीन महिन्यांनी ४६ टक्के लोक चांगल्या स्थितीत होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ५० टक्के. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा निकाल आला. तुलनेचा गट नसता तर ४६ टक्क्यांकडे बघून सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या.

पुढचं सगळं एकच उदाहरण धरून सांगतो: लकव्याच्या हातासाठी घरी करायची मिरर थेरपी, म्हणजे चांगल्या हाताची हालचाल आरशात बघत करायचे व्यायाम. विषय ओळखीचा आहे, खर्च कमी आहे आणि पुनर्वसन संशोधनातल्या बहुतेक अडचणी त्यात येतात.

प्रश्न आधी बारीक करा

‘मिरर थेरपीने फायदा होतो का’ हा प्रश्न आता जुना झाला. १९९९ साली नऊ पेशंटांवरचा पहिला छोटा अभ्यास आला. २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात (यात आधीचे अभ्यास एकत्र तपासतात) ६२ अभ्यास जमा झाले होते. त्यात त्रेसष्टाव्या अभ्यासाची भर घालण्यात हशील नाही. पण फिजिओथेरपिस्ट समोर नसताना, घरच्या माणसाच्या देखरेखीखाली ती कितपत चालते? तालुक्याहून दोन एसट्या बदलून येणाऱ्या पेशंटाला आठवड्यातून पाच वेळा बोलावणं आपल्याला शक्य नसतं, म्हणून हा प्रश्न आपल्याकडे खरोखरचा आहे.

इथे ‘अटेंड’ ट्रायल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. भारतातल्या १४ हॉस्पिटलांत १,२५० पेशंट घेऊन, नातेवाइकांना शिकवून घरी पुनर्वसन केलं तर उपयोग होतो का, हे त्यांनी पाहिलं. २०१७ चा निकाल: सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. म्हणजे ‘घरच्यांना शिकवलं की झालं’ हे गृहीत धरता येत नाही. आपला प्रश्न त्यापेक्षा अरुंद ठेवायचा: एकच अवयव, एकच थेरपी, ठरलेला वेळ.

मग वाक्य असं लिहा: लकव्याला एक ते सहा महिने झालेल्या, हातात थोडीशी हालचाल आलेल्या प्रौढांत, घरच्या माणसाच्या देखरेखीखाली रोज ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे केलेल्या मिरर थेरपीने, तेवढाच वेळ आरशाशिवाय केलेल्या त्याच व्यायामांच्या तुलनेत, हाताची हालचाल जास्त सुधारते का? वाक्य लांबलचक आहे, पण त्यातला एकही तुकडा काढता येत नाही.

‘तेवढाच वेळ’ हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा. एका गटाला नेहमीची फिजिओथेरपी आणि दुसऱ्याला तीच अधिक अर्धा तास आरसा, असं ठेवलंत तर दुसऱ्या गटाला दहा तासांचा व्यायाम जास्त मिळाला. फरक दिसलाच, तर तो आरशाचा की दहा तासांचा? परीक्षकाने हा एक प्रश्न विचारला तरी थीसिस आडवा होतो.

कोणाला घ्यायचं आणि कोणाला वगळायचं, यात एक सापळा आहे. सोय म्हणून बोलता न येणारे पेशंट सरसकट वगळले जातात. पण बहुतेकांच्या मेंदूत भाषेची केंद्रं डावीकडे असतात आणि डाव्या बाजूला इजा झाली की उजवा हात जातो. वाचाघाताचे सगळे पेशंट वगळलेत की तुमचा अभ्यास नकळत डाव्या हाताचा होऊन बसतो. सूचना कळतात का एवढंच तपासा; बोलता आलंच पाहिजे असं नाही.

काय मोजणार

मुख्य मोजमाप एकच ठरवा आणि ते आधी ठरवा. एकमेकांशी संबंध नसलेली दहा मोजमापं तपासलीत, तर प्रत्यक्षात काहीही फरक नसताना त्यातल्या निदान एकाचा पी (फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली जायची शक्यता सुमारे ४० टक्के असते. नंतर त्यातलं ‘लागलेलं’ मोजमाप उचलून त्यालाच मुख्य म्हणणं ही लबाडी आहे, आणि आपल्याकडे ती सर्रास चालते.

हातासाठी फ्यूगल-मेयर ही लकव्यानंतरची हालचाल गुणांत मोजणारी चाचणी धरा. हाताचा भाग ६६ गुणांचा. बहुतेक हालचालींना ०, १ किंवा २. जुन्या लकव्याच्या पेशंटांत सुमारे ४ ते ७ गुणांची वाढ ही जाणवण्याइतकी मानली जाते. हा आकडा पुढे दोनदा लागणार आहे.

कडकपणाच्या पायऱ्या मोजण्यासाठी सुधारित अ‍ॅशवर्थ वापरतात. पेशंटाला पाठीवर झोपवून कोपर पूर्ण वाकवलेल्या स्थितीतून साधारण एका सेकंदात सरळ करायचं. त्या एका सेकंदात बरंच काही चुकतं. हळू सरळ केलंत तर कडकपणा लपतो, आणि तीनचारदा करून पाहिलंत तर स्नायू ताणला जाऊन सैल पडतो. किती वेळा करायचं ते आधीच लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी तेवढंच करा. स्प्लिंट किती वेळापूर्वी काढला, कडकपणा कमी करणारी बॅक्लोफेनची गोळी कधी घेतली, सकाळ आहे की दुपार, ही नोंद फॉर्मवरच हवी. आणि या मोजमापातला ‘१+’ म्हणजे दीड नव्हे. त्याला १.५ करून सरासरी काढलेले तक्ते मी आजही पाहतो. पायऱ्यांची सरासरी निघत नाही, मध्यक द्या.

पेशंटाच्या रोजच्या जगण्याशी मोजमाप जुळतं का, तेही बघा. रोजची कामं मोजणाऱ्या बार्थेल इंडेक्समध्ये जेवण, आंघोळ, कपडे, जिना हे सगळं आहे. मांडी घालून बसणं नाही, जमिनीवरून उठणं नाही. हाताच्या वापराविषयीच्या परदेशी प्रश्नावल्यांत काटा-चमचा आणि मोजे येतात. आपल्याकडे डावा हात लुळा पडलेला माणूस उजव्याने निवांत जेवतो, पण त्याची खरी पंचाईत शौचाला होते आणि ते तो आपणहून सांगत नाही. भाकरी थापणं, साडीच्या निऱ्या, दोराला गाठ मारणं हे प्रश्न दुय्यम मोजमाप म्हणून जरूर विचारा. मात्र मूळ प्रश्नावलीत आपल्या मनाने फेरफार करून तिचं जुनंच नाव लावू नका. वेगळा तक्ता करा, वेगळं नाव द्या.

किती पेशंट लागतील

दोन गटांच्या तुलनेसाठी, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के त्रुटी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरून, एक सोपा हिशेब आहे. प्रमाण विचलनाला (पेशंटांचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेत त्या आकड्याला) अपेक्षित फरकाने भागा, वर्ग करा, १६ ने गुणा; एका गटाची संख्या मिळते. फरक ५ गुणांचा आणि विचलन ९ धरलं तर ५२. वीस टक्के मध्येच सोडून जातील असं धरा: ५२ भागिले ०.८, म्हणजे ६५. दोन्ही गट मिळून १३०.

विचलनाचा आकडा कुठून घेताय ते फार जपून पाहा. तुमच्यासारखेच पेशंट असलेल्या अभ्यासातला हवा. सौम्य-तीव्र सगळे एकत्र घेतलेल्या अभ्यासात तो दुप्पट असू शकतो, आणि विचलन दुप्पट झालं की पेशंट चौपट लागतात.

आता ओपीडीचं रजिस्टर काढा. महिन्याला निकषांत बसणारे सहा पेशंट येत असतील आणि निम्मे तयार होत असतील तर १३० जमायला ४३ महिने हवेत. एमडी तीन वर्षांची, मास्टर्स दोन. इथे बरेच जण अपेक्षित फरक १० गुणांचा दाखवून गणित ‘बसवतात’. तसं करू नका, त्यापेक्षा चांगल्या वाटा आहेत. शेवटचा आकडा तपासताना सुरुवातीचा आकडा हिशेबात घेतला (सांख्यिकी विभागात याला अ‍ॅन्कोव्हा म्हणतात) आणि दोन्ही आकड्यांतला सहसंबंध ०.७ असला, तर ५२ च्या जागी २७ पुरतात. गळती धरून ३४, दोन्ही गट मिळून ६८. तेवीसएक महिन्यांचं काम. एमडीवाल्याला हे जमू शकतं. मास्टर्सच्या विद्यार्थ्याने एक तर दुसऱ्या कॉलेजच्या विभागाला सोबत घ्यावं, नाही तर ‘पायलट’ म्हणून सरळ जाहीर करून किती पेशंट तयार होतात, किती टिकतात, घरी किती व्यायाम होतो एवढंच मोजावं. पायलटमधून पी-व्हॅल्यूचा ढोल वाजवायचा नसतो.

सांख्यिकीतज्ज्ञाकडे या टप्प्यावर जा. डेटा गोळा झाल्यावर गेलात तर ते फार तर काय चुकलं ते सांगू शकतील.

एथिक्स, संमती, रजिस्ट्रेशन

क्रम असा: आधी एथिक्स कमिटीची मंजुरी, मग सीटीआरआयवर नोंदणी, मग पहिला पेशंट. सीटीआरआय ही आयसीएमआरची क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्री २००७ पासून चालू आहे. नोंदणीला पैसे पडत नाहीत. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त पहिला पेशंट घेण्याआधीच केलेली नोंदणी स्वीकारतात. ‘नंतर करू’ म्हणालात तर ती कायमचीच राहते, आणि नोंदणी नसलेली ट्रायल चांगली नियतकालिकं छापत नाहीत. फॉर्ममध्ये मुख्य मोजमाप आणि ते कधी घेणार हे विचारतात. तिथे लिहिलेलंच पुढे तुम्हाला बांधून ठेवतं. व्यायामाच्या ट्रायलला हे सगळं कशाला, असं विचारणारे सिनियर भेटतील. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं विद्यार्थ्यांच्या थीसिसलाही लागू आहेत, एवढं त्यांना सांगा.

संमतिपत्र मराठीत लिहा, म्हणजे खरोखर मराठीत. ‘यादृच्छिक पद्धतीने आपले गटनिर्धारण केले जाईल’ हे वाचून कोणालाही काही कळत नाही. ‘तुम्ही कोणत्या गटात जाल हे चिठ्ठी टाकून ठरेल, ते डॉक्टरांच्या हातात नाही आणि तुमच्याही नाही’ हे कळतं. ‘नाही म्हणालात तरी तुमचे नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत’ हे वाक्य ठळक छापा आणि तोंडानेही सांगा, कारण सरकारी दवाखान्यातला पेशंट डॉक्टरला नाही म्हणायला कचरतो. सही येत नसेल तर अंगठा घ्या, आणि सोबत तुमच्या टीमबाहेरचा, वाचता येणारा साक्षीदार असू द्या. अभ्यासापायी जादा खेप पडणार असेल तर प्रवासखर्च बजेटमध्ये धरा.

चिठ्ठ्या आणि पाकिटं

एक पेशंट या गटात, पुढचा त्या गटात, किंवा सोमवारचे इकडे आणि मंगळवारचे तिकडे, याला रँडमायझेशन म्हणत नाहीत. यादी संगणकावर काढा, तीही अभ्यासाशी संबंध नसलेल्या कोणाकडून तरी. यादी ब्लॉकमध्ये, म्हणजे दोन्ही गटांचे सारखेच पेशंट येतील अशा तुकड्यांत, काढतात. सगळे ब्लॉक चारचेच ठेवले तर पहिले दोन आरशाचे निघाल्यावर पुढचे दोन कोणते हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून चार आणि सहाचे ब्लॉक मिसळा. उजेडात धरूनही आत दिसणार नाही अशी पाकिटं, त्यावर क्रमांक, आणि पेशंटाचं नाव व तारीख वर लिहिल्यावरच उघडायची. हे पाळलं नाही तर ‘हे काका बिचारे मन लावून करतील, यांना आरसा देऊ’ असा मोह होतो, आणि मनाने चांगल्या थेरपिस्टला तो जास्त होतो.

मोजणाऱ्याला कळू देऊ नका

थेरपी कोणती चाललीय हे थेरपिस्टला कळणारच, पेशंटालाही कळणार. मोजणाऱ्याला मात्र कळता कामा नये. मोजणारी व्यक्ती वेगळी, खोली वेगळी, आधीचे गुण तिच्यासमोर नकोत. एवढं करूनही आजी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणतात, ‘मॅडम, त्या आरशात बघून बघून डोळे दुखतात हो.’ झालं! यावर उपाय म्हणजे मोजायच्या आधी सहकाऱ्याने पेशंटाला आणि सोबतच्या नातेवाइकाला दारातच सांगायचं: आत गेल्यावर घरी काय करता ते बोलायचं नाही. शेवटी मोजणाऱ्याकडून ‘हा पेशंट कोणत्या गटातला वाटतो?’ याचं उत्तर लिहून घ्या आणि ते थीसिसमध्ये छापा. सुरुवात करण्याआधी दोन मोजणाऱ्यांनी तेच दहाएक पेशंट स्वतंत्रपणे मोजून गुण जुळतात का तेही पाहावं.

आरसा घरी गेल्यावर

पेशंट खुर्चीत, समोर टेबल. आरसा शरीराच्या मधोमध उभा, लुळा हात आरशामागे, चांगला हात आरशापुढे. नजर आरशात. चांगला हात हलतो तेव्हा लुळाच हलतोय असं मेंदूला दिसायला हवं. त्यासाठी चांगल्या हातावर अशी खूण नको जी लुळ्या हातावर नाही: अंगठी, घड्याळ, गोंदण. परदेशी प्रोटोकॉलमध्ये ‘दागिने काढावेत’ असं एका ओळीत उरकलेलं असतं. इथे सवाष्ण बाईला एका हातातल्या बांगड्या काढायला सांगून बघा! ती तुमच्यासमोर काढेल, पण घरी सासूसमोर काढणार नाही, आणि तुम्हाला ते कळणारही नाही. त्यापेक्षा दोन्ही हातांत सारख्याच बांगड्या ठेवा. लुळ्या हाताला सूज असेल तर दोन्ही हातांना लांब बाह्या. हे प्रोटोकॉलमध्ये लिहा. आरसा काचेचा देऊ नका. अ‍ॅक्रिलिकचा फुटत नाही. दुसऱ्या गटाला त्याच मापाचा साधा बोर्ड, म्हणजे घरी नेण्याचं आणि मांडण्याचं सोपस्कार दोघांचं सारखंच राहतं.

किती व्यायाम झाला याची नोंद मिनिटांत ठेवून भागत नाही. २००९ च्या एका पाहणीत पुनर्वसनाच्या सत्रात हाताच्या कामाची आवर्तनं सरासरी फक्त ३२ भरली होती. अर्ध्या तासात दीडशे वेळा मूठ उघडणारा आणि वीस वेळा उघडणारा एकाच रकान्यात बसतो. डायरीत दहा-दहाच्या चौकटी छापा. नातेवाइकाने दहा झाले की एक चौकट काट मारायची. अक्षरओळख नसली तरी हे जमतं. खांदा दुखला, पेशंट पडला, झटका आला, तर त्याची वेगळी नोंद करा; गंभीर घटना एथिक्स कमिटीला ठरल्या मुदतीत कळवायची असते, थेरपीशी संबंध नसला तरी.

गळती

फॉलो-अपच्या तारखा ठरवताना पंचांग समोर ठेवा. पेरणीच्या दिवसांत शेतकरी येत नाही, आषाढीला माळकरी घरी सापडत नाही, गणपतीत मुंबईचा कोकणी गावी असतो. चार आठवड्यांच्या तारखेला आठवडाभराची सवलत आधीच लिहून ठेवलीत तर नंतर प्रोटोकॉल मोडल्याचं खापर फुटत नाही. दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक घराबाहेरचा, शेजाऱ्याचा किंवा आशाताईंचा, पेशंटाच्या परवानगीने. जो येऊच शकत नाही त्याच्याकडे जाऊन मोजण्याची तरतूद ठेवा. पायाचा अभ्यास असेल तर हे अवघड. सहा मिनिटांच्या चालण्याला ३० मीटरचा मोकळा बोळ लागतो, तो चाळीत कुठला. हाताला टेबल-खुर्ची पुरते.

ज्याने व्यायाम सोडला त्यालाही मोजायला बोलवा. ‘त्याने केलंच नाही, मग मोजून काय उपयोग’ हा प्रश्न दर वेळी येतो. पाकिटातून ज्या गटाची चिठ्ठी निघाली त्याच गटात त्याला शेवटपर्यंत धरायचं. न करणारे काढून टाकलेत तर उरतात ते नेटाने करणारे, आणि ते कोणत्याही थेरपीने बरे दिसतात.

आकडे आणि लेखन

डेटा भरताना रिकामी जागा रिकामीच ठेवा, शून्य टाकू नका. फ्यूगल-मेयरमध्ये शून्य हा खरा गुण आहे. विश्लेषणाची योजना पहिला निकाल बघायच्या आधी लिहून त्यावर तारीख टाका. सुरुवातीच्या तक्त्यात वय, बाजू, लकव्याचा काळ द्या, पण त्यापुढे पी-व्हॅल्यूंचा रकाना नको. चिठ्ठी टाकून गट पाडल्यावर सुरुवातीचा फरक योगायोगाचाच असतो, त्याची परीक्षा कसली घ्यायची? गाईड आग्रह धरतील. ट्रायलचा अहवाल कसा लिहावा हे सांगणारी कॉन्सॉर्टची सूचना दाखवा, बहुतेक वेळा ऐकतात.

निकाल सांगताना फरक किती गुणांचा आणि त्याचा ९५ टक्के पल्ला (खरा फरक ज्या मर्यादेत असावा असा अंदाज आहे ती) कुठून कुठवर, हे आधी. २ गुणांचा फरक पी ०.०३ ने ‘लागला’ तरी मघाशी पाहिलेल्या ४ ते ७ च्या तो खूप खाली आहे, आणि तसं स्पष्ट लिहावं. उलट फरक नाही आला तरी पल्ला अरुंद असेल तर तो ठोस निकाल आहे. पेशंटाच्या शरीराचं वजन पट्ट्यांनी उचलून धरून ट्रेडमिलवर चालवण्याच्या महागड्या पद्धतीची २०११ साली ४०८ पेशंटांवर तुलना झाली, तेव्हा घरी थेरपिस्टने घेतलेल्या व्यायामांहून ती सरस ठरली नाही. तो ‘नकारात्मक’ निकाल साधनं कमी असलेल्या आपल्यासारख्या विभागांच्या केवढ्या कामाचा!

थेरपीचं वर्णन इतकं तपशिलात लिहा की गडचिरोलीतला फिजिओथेरपिस्ट तुम्हाला फोन न करता ती उद्यापासून देऊ शकेल: आरशाचं माप, व्यायामांचा क्रम, कोणी शिकवलं, किती वेळ शिकवलं, प्रत्यक्षात किती आवर्तनं झाली. त्यासाठी १२ मुद्द्यांची टायडर नावाची यादी आहे, ती समोर ठेवून लिहा. डायरीचं कोरं पान परिशिष्टात जोडा. मध्येच काही बदललं असेल, निकष सैल केले असतील, मोजणारी व्यक्ती बाळंतपणाच्या रजेवर गेली असेल, तर ते लपवू नका. बदल कोणत्या तारखेला झाला, तोवर किती पेशंट झाले होते हे लिहा, आणि सीटीआरआयवरची नोंदही त्याच आठवड्यात अद्ययावत करा.